मृदू ऊतींची दुखापत भरून येणे

त्वचा, स्नायू, कंडरा, अस्थिबंध इत्यादी मृदू ऊतींना इजा झाल्यावर शरीर ती ज्या क्रमाने दुरुस्त करते, त्या प्रक्रियेस दुखापत भरून येणे असे म्हणतात. पाय मुरगळून घोट्याचा अस्थिबंध ताणला जाणे किंवा धावताना मांडीच्या मागील स्नायू फाटणे, ही अशा दुखापतींची परिचित उदाहरणे होत. या प्रक्रियेचे चार टप्पे मानले जातात. ते काही प्रमाणात एकमेकांत मिसळलेले असतात. वेदना सहसा अखेरचा टप्पा पूर्ण होण्याच्या बऱ्याच आधी शमते. त्यामुळे वेदना थांबली म्हणजे ऊती पूर्ववत बळकट झाली, असे होत नाही.

टप्पे

१. रक्तस्राव थांबणे : फाटलेल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. प्लेटलेट एकत्र येतात आणि फायब्रिनच्या तंतूंची जाळी होऊन रक्ताची गुठळी तयार होते.

२. दाह : काही तासांत न्यूट्रोफिल व त्यानंतर महाभक्षी पेशी तेथे पोहोचतात आणि मृत पेशी व जंतू नष्ट करतात. लाली, सूज, उष्णता व वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इ.स.च्या पहिल्या शतकात नोंदवली होती.

३. नवनिर्मिती : हा टप्पा काही दिवसांनी सुरू होऊन काही आठवडे चालतो. नव्या केशवाहिन्या फुटतात व फायब्रोब्लास्ट पेशी मुख्यतः तिसऱ्या प्रकारचे, तुलनेने कमकुवत कोलॅजेन तयार करतात. कोलॅजेनच्या घडणीस क जीवनसत्त्व आवश्यक असते.

४. पुनर्रचना : या कोलॅजेनची जागा पहिल्या प्रकारचे बळकट कोलॅजेन घेते आणि त्याचे तंतू ताणाच्या दिशेने रचले जातात. यास अनेक महिने, काही वेळा वर्षाहून अधिक काळ लागतो. त्वचेच्या जखमेची ताणशक्ती तीन आठवड्यांनी मूळच्या सुमारे २० टक्के, तर तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के असते. त्यापुढे ती फारशी वाढत नाही.

ऊतींनुसार फरक

स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर असतो. तसेच त्यांतील उपग्रह पेशींपासून नवे स्नायुतंतू तयार होतात. या पेशींचे वर्णन अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये केले. कंडरा व अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी असल्याने ते सावकाश भरून येतात.

उपचार

विश्रांती, बर्फ, दाबपट्टी व भाग उंच ठेवणे ही पद्धत अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडली. बर्फ व पूर्ण विश्रांतीमुळे भरून येण्यास विलंब होऊ शकतो, असे मत त्यांनीच पुढे मांडले. हल्ली अल्पकाळ विश्रांतीनंतर सोसेल इतका भार क्रमाने वाढवण्यावर भर दिला जातो, कारण मोजक्या ताणामुळे नव्या तंतूंची रचना सुधारते. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत मुरगळलेला भाग चोळल्यास किंवा शेकल्यास रक्तस्राव व सूज वाढू शकते. मधुमेह, धूम्रपान, कुपोषण व वाढते वय यांमुळे ही प्रक्रिया मंदावते.