रसायन की वीज? बेडकांच्या दोन हृदयांनी दिलेला निकाल

१/ एक चेतापेशी दुसरीला निरोप कसा देते? विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नावरून शास्त्रज्ञांत दोन तट पडले होते. चेतापेशी परस्परांपासून अलग असतात, हे स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी दाखवले होते. मग मधली फट ओलांडते ते काय?

२/ १९०४ साली केंब्रिजच्या टी. आर. एलियट यांनी रसायनाची शक्यता सुचवली. पण पुरावा नव्हता. इतका वेगवान निरोप विजेचाच असणार, असे अनेकांचे मत होते.

३/ ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठाचे औषधशास्त्रज्ञ ओटो लोवी यांना प्रयोग स्वप्नात सुचला, असे ते पुढे सांगत. रात्री उठून त्यांनी चिठ्ठी खरडली. सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! पुढच्या रात्री कल्पना पुन्हा सुचली, तेव्हा त्यांनी थेट प्रयोगशाळा गाठली.

४/ क्षारद्रावणात बेडकांची दोन धडधडती हृदये. पहिल्याचा व्हेगस मज्जातंतू उत्तेजित करताच त्याची गती मंदावली. त्यातील द्रावण दुसऱ्या हृदयात घातले, तर तेही मंदावले! निरोप द्रावणातून आला होता. १९२१ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

५/ तरीही अनेकांना हा प्रयोग साधेना. शरीरातील एक विकर हे द्रव्य झपाट्याने नष्ट करते, हे लोवी यांनी १९२६ मध्ये दाखवले. ते द्रव्य म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. त्याचे गुणधर्म इंग्लंडच्या हेन्री डेल यांनी १९१४ मध्येच अभ्यासले होते. १९३६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले.

६/ मार्च १९३८. हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ज्यू असलेल्या लोवींना अटक झाली. मरणाच्या छायेत त्यांनी पोस्टकार्ड मागितले, ते अखेरचे संशोधन जगापर्यंत पोहोचावे म्हणून. नोबेलची रक्कम नाझींच्या बँकेत वळती केल्यावरच त्यांना देश सोडता आला. तेव्हा ते ६५ वर्षांचे होते.

७/ हृदयाचे ठरले. पण मेंदू व मज्जारज्जूचे काय? वीजपक्षाचे खंदे पुरस्कर्ते जॉन एकल्स यांनी १९५१ मध्ये मज्जारज्जूतील पेशींवर स्वतः प्रयोग केले, आणि निकाल विरुद्ध जाताच मत बदलले. विज्ञानात असे प्रांजळपण विरळा!

८/ आज चित्र स्पष्ट आहे. पेशीच्या आत निरोप विजेच्या रूपाने धावतो. टोकाशी सूक्ष्म पिशव्यांतून रसायन बाहेर पडते आणि पलीकडच्या पेशीवरील ग्राहींना बिलगते. काही ठिकाणी पेशी थेट विजेनेही जोडलेल्या असतात. म्हणजे वीजपक्षही पूर्णपणे हरला नाही.