मोटारीची रबरी बैठक

एंजिन व त्यास जोडलेली गिअरबॉक्स हीं मोटारीच्या सांगाड्यावर कशीं बसवावीं, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु प्रवाशाचें सुख आणि चालकाचा ताबा यांमधील जुना तंटा नेमका याच ठिकाणीं आहे.

प्रारंभींच्या मोटारींत एंजिन बहुधा बोल्टांनीं सांगाड्यास थेट जखडीत. त्यायोगें सांगाड्यास बळकटी येई. पण एंजिनाचा प्रत्येक हादरा आसनापर्यंत पोंचे. चार सिलिंडरांच्या एंजिनांत दर फेरीस दोनच स्फोट होतात. त्यामुळें तें मंद चालत असतां सारी गाडी थरथरे. सहा किंवा आठ सिलिंडर घातले असतां थरथर घटे, पण किंमत व पेट्रोलचा खर्च वाढे.

या अडचणींतून अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें १९३१ सालीं मार्ग काढला. तिच्या 'प्लिमथ पीए' या गाडींत एंजिनास दोन रबरी बैठकी दिल्या : एक पुढें उंचावर, दुसरी मागें गिअरबॉक्सच्या खालीं. या दोहोंतून जाणारी कल्पित रेषा एंजिनाच्या गुरुत्वमध्याजवळून जाई. त्या रेषेभोंवतीं एंजिन किंचित् डोलावयास मोकळें राही, आणि तें फार डोलूं नये म्हणून एक पट्टीची स्प्रिंग लाविली होती. या योजनेस 'फ्लोटिंग पॉवर' असें नांव मिळालें. फ्रान्समध्यें सित्रोएन कंपनीनें तिचे हक्क घेऊन १९३२ सालीं ती आपल्या गाड्यांत आणली, व तिची खूण म्हणून पाण्यावर तरंगणारा हंस निवडला. मुंबईचाही या घराण्याशीं संबंध आला. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें प्लिमथ गाड्या जुळविल्या जाऊं लागल्या.

परंतु रबराचा जो गुण, तोच त्याचा दोष. चालकानें पेट्रोल एकाएकीं वाढविलें कीं एंजिन उलट बाजूस पीळ घेतें, व गिअरबॉक्सही त्याबरोबर कलते. उष्णता, तेल आणि वय यांनीं रबर फुगतें किंवा चिरतें. मग गिअर बदलतांना दांडा अडखळतो आणि खालून ठोका ऐकूं येतो. म्हणून जुन्या गाड्यांचे शोकीन मूळ माउंटिंग काढून अधिक कठीण माउंटिंग बसवितात. तें बहुधा पॉलियुरेथेनचें असतें. या पदार्थाचा शोध जर्मनींत ऑटो बायर व त्यांचे सहकारी यांनीं १९३७ सालीं लावला. तेल त्यास रबराइतकें बाधत नाहीं.

येथें एक चूक वारंवार घडते. गिअरबॉक्सचें माउंटिंग बदलणें सोपें, म्हणून तेवढेंच कठीण करितात, आणि एंजिनाचीं जुनीं, मऊ पडलेलीं माउंटिंगें तशींच राहतात. मग एंजिनाचा पीळ मऊ बैठकींवर न थांबतां त्या एका कठीण बैठकीवर येऊन पडतो, व प्रसंगीं गिअरबॉक्सच्या कवचाचा कान तडकतो. दोन-चार रुपयांच्या सोयीपायीं मोठें नुकसान ओढवतें तें असें. बदल करावयाचा तर सर्व बैठकी एकमेकींस साजतील अशा हव्यात.

शिवाय कठीण बैठकीबरोबर १९३१ पूर्वींची थरथर कांहीं अंशीं परत घरीं येते. शर्यतीच्या गाडीस ती खपते. कुटुंबाच्या गाडीस क्वचितच. अशा गाडींत पुष्कळदां मूळ प्रतीचें नवें रबर घातल्यानेंच दांडा सरळ होतो आणि ठोका थांबतो. जुनें रबर झिजलें, म्हणून रबराची कल्पनाच चुकली, असें होत नाहीं.