महिलांच्या यादीवर पुरुषांची केस

एम.एस्सी. करत होते तोपर्यंत मी कट्टर ‘मेरिट’वाली होते. आरक्षण म्हटलं की नाक मुरडायचे. राजकीय इतिहासाकडे वळल्यावर ब्रिटनच्या मजूर पक्षाचं प्रकरण वाचलं आणि पहिल्यांदा गडबडले.

तिथे पक्षाचं तिकीट साधारण असं ठरतं: मोजक्या नावांची शॉर्टलिस्ट होते, मग मतदारसंघातले पक्षसभासद मत देऊन त्यातला एक उमेदवार निवडतात. बालेकिल्ल्यात हीच खरी निवडणूक, नंतरचं मतदान बहुतेक वेळा औपचारिक. १९९२ साली ६५१ खासदारांत फक्त ६० बायका होत्या. म्हणजे गाळणी मतदारांच्या आधीच लागत होती.

म्हणून १९९३च्या अधिवेशनात मजूर पक्षानं ठरवलं की आपले खासदार निवृत्त होताहेत अशा निम्म्या जागांवर आणि जिंकता येतील अशा निम्म्या जागांवर शॉर्टलिस्टमध्ये फक्त महिलाच असतील. आपल्याकडच्या राखीव वॉर्डापेक्षा हे वेगळं आहे बरं का. वॉर्ड राखीव झाला की सगळ्याच पक्षांना महिला उमेदवार द्यावी लागते. इथे बंधन एका पक्षानं स्वतःवर घालून घेतलेलं. बाकीचे पक्ष मोकळे.

पीटर जेप्सन आणि रॉजर डायस-इलियट या दोन इच्छुकांनी याविरुद्ध दाद मागितली. जानेवारी १९९६मध्ये लीड्सच्या औद्योगिक लवादानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला. आधार कुठला? १९७५चा लिंगभेदविरोधी कायदा, जो खुद्द मजूर सरकारच्या काळातला! त्यात राजकीय पक्षांना सूट होती, पण ती वेगळ्या प्रकरणात. लवादानं नोकरी-व्यवसायाचं प्रकरण लावलं. खासदार कुणाचा नोकर नसतो हे खरं, पण तिकीट म्हणजे त्या व्यवसायात शिरण्याचा परवाना, तेव्हा तो देताना स्त्री-पुरुष भेद चालणार नाही, असा युक्तिवाद. मला तो आजही नीट पटत नाही, पण हास्यास्पदही वाटत नाही.

पक्षानं अपील केलं नाही. निवड झालेल्या उमेदवार मात्र कायम राहिल्या आणि १९९७ला त्यांतल्या ३५ जणी निवडून आल्या. त्यांच्यातल्याच एक, जॅकी स्मिथ, २००७मध्ये ब्रिटनच्या पहिल्या महिला गृहमंत्री झाल्या. पक्षाच्या एकूण महिला खासदार १०१ झाल्या. लाट होती, त्यामुळे सगळं श्रेय याद्यांना देता येत नाही. पण २००१ बघा: पक्षाच्या जागा जवळपास तेवढ्याच, याद्या मात्र बंद, आणि महिला ९५. सहाचा फरक छोटा आहे, एवढ्यावर मी काही सिद्ध करणार नाही. पण याद्या नसताना आकडा आपोआप वाढला नाही, एवढं दिसतं.

२००२मध्ये कायदा बदलून पक्षांना परवानगी मिळाली. मग २००५ला ब्लायनाय ग्वेंट घडलं. वेल्समधला हा कोळसा-पोलादाचा पट्टा, अन्यूरिन बेव्हनचा वारसा सांगणारा. तिथे महिला-यादी लागली, मॅगी जोन्स उमेदवार झाल्या. स्थानिक नेते पीटर लॉ बंडखोरी करून उभे राहिले आणि १९ हजारांचं मताधिक्य असलेली जागा ९,१२१ मतांनी घेऊन गेले. ‘बाईला विरोध’ म्हणून हे निकालात काढणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. लोकांचा राग लंडनहून लादलेल्या निर्णयावरही होता. पुढच्याच वर्षी लॉ वारले, तेव्हा त्यांची वेल्श असेंब्लीतली जागा याच मतदारांनी त्यांच्या पत्नी ट्रिश लॉ यांना दिली. (हो, ‘पतीच्या जागी पत्नी’ हे आपल्याला ओळखीचं आहे, ठाऊक आहे.)

२०१९ला मजूर पक्षाचे २०२ खासदार होते, त्यात १०४ महिला. झालं! कायद्याची परवानगी पक्षातली विषमता कमी करण्यापुरतीच. ती विषमताच उरली नाही, म्हणून २०२२मध्ये पक्षानं याद्या थांबवल्या. त्याच वेळी हुजूर पक्षात ३६५पैकी ८७ महिला होत्या, पण त्यांनी याद्या कधी वापरल्याच नव्हत्या.

२०२४ला मजूर पक्षाच्या ४११ खासदारांत १९० महिला आल्या. संख्या वाढली, प्रमाण ५१ टक्क्यांवरून ४६वर आलं. म्हणजे कायद्याची अट, माझ्या वाचनाप्रमाणे, पुन्हा पूर्ण होते, आणि परवानगीची मुदत २०३०पर्यंत आहे.