टोपीकरांच्या शब्दाची किंमत

परराष्ट्राचा प्रमुख जे बोलतो ते खरे मानावे की नाही, हा प्रश्न वर्तमानपत्रांतून वारंवार नव्याने विचारला जातो. एखादा राष्ट्राध्यक्ष युद्धाची धमकी देतो, दुसरा शांततेची ग्वाही देतो, आणि भाष्यकारांचे दोन तट पडतात. एकाच्या मते ते घरच्या मतदारांसाठी केलेले नुसते बोलणे असते; दुसऱ्याच्या मते हा गृहस्थ बोलतो तसेच करणार असतो. मग ठराविक दाखले येतात: १९३८ साली म्युनिकला हिटलरच्या आश्वासनावर विसंबलेले चेंबरलेन, १९५४ च्या पंचशील करारानंतर आठ वर्षांनी झालेले चीनचे आक्रमण, १९९४ साली बुडापेस्ट येथे युक्रेनच्या सीमांचा आदर राखण्याची दिलेली हमी आणि २०१४ मध्ये तिची झालेली वाताहत. या दाखल्यांतून काढला जाणारा निष्कर्ष बहुधा एकच असतो, तो म्हणजे कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवू नये. हा निष्कर्ष आम्हांस अपुरा वाटतो. ज्याला कोणाशीही तह करायचा नाही, त्यालाच तो परवडणारा आहे. आणि असे राज्य इतिहासात आम्हांस आढळलेले नाही.

मराठी वाचकाला या प्रश्नाच्या शोधार्थ म्युनिकपर्यंत जाण्याचे कारण नाही. आम्ही ज्या नवी मुंबईत राहतो आणि शिकवितो, तेथून खाडीपलीकडे साष्टी दिसते, दक्षिणेला उरणचे करंजा आहे, पूर्वेला पनवेलहून खंडाळ्याच्या घाटाकडे जाणारा रस्ता आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टोपीकरांनी दिलेले आणि मोडलेले शब्द बव्हंशी याच मुलखाविषयी होते.

या विषयावरील मराठीतील पहिला गंभीर विचार आज्ञापत्रात सापडतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आणि १७१५-१६ च्या सुमाराच्या या ग्रंथात साहुकारांविषयीचे प्रकरण आहे. त्यात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस इत्यादी टोपीकर हे इतर साहुकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी राज्य करणारे धनी आहेत आणि राज्य करणाऱ्यास भूमीचा लोभ नसेल असे घडत नाही, असा विचार मांडला आहे. तथापि त्यातून येणारा सल्ला 'त्यांच्याशी बोलू नका' असा नाही. व्यापार करू द्यावा. मात्र वखारीस जागा द्यायची तर ती समुद्रतीरी देऊ नये, आणि मजबूत इमारत बांधू देऊ नये. टोपीकर काय बोलतात यापेक्षा ते कोणाच्या वतीने बोलतात आणि कोठे उभे राहून बोलतात, हे अमात्यांनी पाहिले. आमच्या मते आजच्या पुष्कळशा भाष्यापेक्षा ही दृष्टी अधिक प्रगल्भ आहे.

आता १७७४ ते १७८३ या नऊ वर्षांकडे वळू. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर (१७७३) रघुनाथराव आणि बारभाई यांच्यात वितुष्ट आले, आणि त्या संधीचा लाभ घेऊन मुंबईकर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ अखेर ठाण्याचा किल्ला जिंकून साष्टी घेतली. मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेस रघुनाथरावांशी तह केला: पेशवाईच्या गादीसाठी मदत, आणि मोबदल्यात साष्टी, वसई व इतर प्रदेश. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने हा तह अमान्य ठरवून कर्नल अप्टन यास पाठविले, आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. त्यात सुरतेचा तह रद्द झाला, रघुनाथरावांनी कोपरगावास राहावे असे ठरले आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मुंबईकरांनी हा तह मनापासून कधीच पाळला नाही. रघुनाथरावांस त्यांनी आश्रय दिला. थोड्याच दिवसांत लंडनहून कंपनीच्या संचालकांचे पत्र आले, आणि त्यांची पसंती सुरतेच्याच तहाला होती!

कल्पना करावी की आपण पुण्यात नाना फडणीस आहोत. इंग्रजांचा शब्द म्हणजे नेमका कोणाचा शब्द? मुंबई एक बोलते, कलकत्ता दुसरे बोलते, लंडन तिसरे. आणि लंडनचे उत्तर येईपर्यंत एक पावसाळा तरी उलटून जातो. या तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते असे क्षणभर मानले, तरी त्यांच्या बोलण्याची बेरीज खोटीच होत होती. व्यक्तीचा खरेपणा आणि राज्याचा खरेपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. अप्टन हा माणूस प्रामाणिक असेलही, पण त्याच्या प्रामाणिकपणाने मुंबई कौन्सिल बांधले जात नव्हते.

या प्रश्नाचा सर्वांत तीव्र क्षण वडगावला आला. नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावांस घेऊन मुंबईची सुमारे चार हजारांची फौज पनवेलच्या बाजूने घाट चढू लागली. जानेवारीच्या आरंभी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, मराठी मुलखातला 'इष्टुर फाकडा', मारला गेला. तळेगावला पोहोचेपर्यंत मराठ्यांनी मुलूख उजाड करून ठेवला होता. इंग्रज मागे फिरले, आणि वडगावला चहूबाजूंनी कोंडले गेले. तहाची बोलणी करण्यास फार्मर नावाचा अधिकारी आला. ग्रँट डफने नोंदविलेला प्रसंग येथे महत्त्वाचा आहे. फार्मरने सांगितले की, वरिष्ठ सरकारच्या संमतीवाचून तह करण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्यावर मराठ्यांनी विचारले की, मग कर्नल अप्टनने केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला तो दाखवा.

हा प्रतिप्रश्न बिनतोड होता. पण त्यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. बिनतोड युक्तिवाद जिंकल्यावर मराठ्यांनी तह करून घेतलाच. रघुनाथराव महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले. साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत द्यायचा आणि बंगालहून येणारी गॉडर्डची फौज थांबवायची असे ठरले. फार्मर व लेफ्टनंट स्टुअर्ट असे दोघे ओलीस ठेवून इंग्रज फौज सुटली. घाट उतरताच गॉडर्डला थांबविण्याचा हुकूम रद्द झाला. मुंबईने तह नाकारला, कलकत्त्याने नाकारला, आणि साष्टी परत मिळाली नाही ती नाहीच.

मराठे फसले काय? पुष्कळ इतिहासकारांनी असेच म्हटले आहे. आम्हांस वाटते, 'फसले' हा शब्द येथे पुरा पडत नाही. ज्याने 'अधिकार दाखवा' असे विचारले, त्याला समोरच्याचा अधिकार नाही हे ठाऊक होते. त्याला हवे होते ते रघुनाथराव, आणि ते त्याला त्याच दिवशी मिळाले. उरलेली कलमे म्हणजे उधारीचा व्यवहार होता. त्यासाठी दोन ओलीस पुरेसे तारण नव्हते, ही खरी चूक. शब्दावर विश्वास ठेवला हा दोष नव्हता. शब्द वसूल करण्याचे साधन, म्हणजे कोंडलेली फौज, हातचे जाऊ दिले हा दोष होता.

आपल्या जुन्या भाषेतच हे शहाणपण साठलेले आहे, याकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. मराठी कागदपत्रांत कौल, करार, तह, इमान, क्रिया, बेलभंडार, जामीन, ओलीस असे शब्द सतत येतात. यांतील इमान, क्रिया आणि बेलभंडार हे शब्द बोलणाऱ्याच्या अंतःकरणाकडे व देवाकडे पाहतात. जामीन आणि ओलीस हे शब्द मोडल्यास काय याची तरतूद करतात. दोन्ही प्रकारचे शब्द ज्या समाजाच्या व्यवहारात होते, तो समाज भोळा नव्हता आणि केवळ संशयीही नव्हता.

नानांची आणखी एक बाजू पाहावी. १७७७ मध्ये सें-ल्युबँ नावाचा फ्रेंच गृहस्थ फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुण्यास आला, आणि फौज व सामग्री आणून देण्याच्या मोठमोठ्या गोष्टी करू लागला. नानांनी त्याचा मोठा सन्मान केला. इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यातच होता आणि हे सारे पाहत होता. सें-ल्युबँच्या पाठीशी बोलण्याइतके बळ नव्हते हे पुढे उघड झाले, आणि १७७८ मध्ये त्याला निरोप मिळाला. तथापि त्याच्या शब्दाचा उपयोग तो खरा असण्यावर अवलंबून नव्हताच. तो मॉस्टिनच्या कानी पडण्यावर होता. दुर्दैव असे की तो फारच चांगला कानी पडला. फ्रेंचांच्या भीतीने मुंबईकर अधिकच उतावीळ झाले, आणि १७७८ च्या मोहिमेच्या कारणांत त्या भीतीचाही वाटा होता. परक्याच्या पोकळ शब्दाचा धाक दाखविणे हे दुधारी शस्त्र आहे.

येथे न्यायबुद्धीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शब्दावर विसंबून फसण्याचा मक्ता मराठ्यांकडे नव्हता. मोरोबा फडणीसांच्या पक्षाने मुंबईस केलेल्या बोलावण्यावर आणि 'रघुनाथरावांस पाहताच सरदार येऊन मिळतील' या भरवशावर इंग्रज घाट चढले होते. वर एकही मोठा सरदार मिळाला नाही. त्यापूर्वीच्या शतकात, १६७४ साली रायगडावर झालेल्या तहात राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई देण्याचे ठरले होते, आणि त्या वसुलीसाठी इंग्रज वकिलांनी वर्षानुवर्षे खेटे घातले. अर्थात ती लूटही निष्कारण नव्हती. व्यापारी म्हणून तटस्थतेचा आव आणणाऱ्या राजापूरच्या इंग्रजांनी १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केली होती.

सालबाईच्या तहात (१७ मे १७८२) नानांनी वडगावचा धडा वापरलेला दिसतो. वॉरन हेस्टिंग्जने जूनमध्येच तहाला मान्यता दिली. पुण्याचा शिक्का मात्र फेब्रुवारी १७८३ पर्यंत उमटला नाही. हैदरअली इंग्रजांशी लढत होता तोवर नाना थांबले, आणि डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारल्यावर थांबण्यात अर्थ उरला नाही. शिवाय या तहाला महादजी उभय पक्षांचे जामीन होते. साष्टी, घारापुरी व करंजा गेले ते गेलेच. वसई परत आली. पण इंग्रजांशी युद्धाचा प्रसंग त्यानंतर वीस वर्षे आला नाही. तो आला तोही ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने. त्या तहात दुसऱ्या बाजीरावांनी शब्दाचे तारण म्हणून स्वतःच्याच राज्यात इंग्रजांची फौज ठेवून घेतली. जामीन आणि सावकार एकच झाल्यावर कर्जदाराचे काय होते, हे १८१८ मध्ये दिसले.

आणि तरीही इंग्रजांच्या शब्दावर अखेरपर्यंत विश्वास ठेवणारा एक मराठी माणूस आहे, ज्याला भोळा म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. १८१९ च्या तहाने साताऱ्याचे राज्य छत्रपती प्रतापसिंहांस वंशपरंपरेने दिले गेले. १८३९ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना पदच्युत करण्यात आले. मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर जेम्स रिव्हेट-कार्नॅक. वडगावच्या तहावर सही करणाऱ्याचे आडनावही कार्नॅकच होते. तहाचा भंग केल्याचे कबूल करा, गादी राहील, असे महाराजांस सांगण्यात आले. न केलेल्या गोष्टीची कबुली देण्यास त्यांनी नकार दिला आणि ते काशीस गेले. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले आणि तहाचा कागद हाती घेऊन तेराचौदा वर्षे दारोदार हिंडले. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांच्यावर लिहिलेला ग्रंथ मराठी वाचकांस परिचित आहे. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत त्यांच्या बाजूने बोलणारे इंग्रजही निघाले. दरम्यान महाराज १८४७ मध्ये वारले, आणि एप्रिल १८४८ मध्ये गादीवरचे त्यांचे बंधूही वारले. तेव्हा वाद 'वारस' या एका शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपला: दत्तक हा वारस की नाही? मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांच्या मते राज्य राखले पाहिजे होते. लॉर्ड डलहौसीने मात्र ऑगस्ट १८४८ च्या टिपणात स्वच्छ लिहिले की, प्रदेश मिळविण्याची प्रत्येक न्याय्य संधी सरकारने घ्यावी. सातारा खालसा झाले.

येथे आम्हांस या प्रश्नाचे थोडेसे उत्तर मिळते. १८१९ चा शब्द आणि १८४८ चा शब्द, दोन्ही एकाच सरकारचे. पहिला शब्द सरकारला बांधणारा होता, म्हणून तो अवजड ठरला. दुसरा त्याच्या इच्छेच्या दिशेने वाहणारा होता, म्हणून तो अक्षरशः खरा झाला. सत्ताधीश आपल्या महत्त्वाकांक्षेविषयी उघड बोलतो तेव्हा 'हे नुसते बोलणे आहे' म्हणून सोडून देऊ नये. तो स्वतःवर मर्यादा घालून घेतो तेव्हा मात्र जामीन कोण, ओलीस काय, आणि बोलणाऱ्याला अधिकार कोणाचा, हे विचारावे.

पण मग रंगो बापूजींचे श्रम व्यर्थ म्हणावेत काय? त्यांनी राज्य वाचविले नाही. १८५७ च्या उठावात त्यांच्या मुलास फाशी झाली आणि ते स्वतः बेपत्ता झाले. तरीही दिलेला शब्द देणाऱ्याच्याच राजधानीत, त्याच्याच सभागृहात, वर्षानुवर्षे वाचून दाखविणे ही एक वेगळी कृती आहे. त्यात भाबडेपणा नाही. शब्द मोडणाऱ्याला निदान 'शब्द दिलाच नव्हता' असे म्हणता येऊ नये, एवढी व्यवस्था त्याने होते. नानांनी कागदावर शिक्का उमटविण्यास वेळ लावला, आणि रंगो बापूजींनी उमटलेला शिक्का विसरू दिला नाही. कागद नीट वाचणे आणि तो जपून ठेवणे ही दोन्ही कामे साहित्याच्या अभ्यासकाला परकी नाहीत, आणि दुबळ्या पक्षाच्या हाती पुष्कळदा याखेरीज दुसरे काही उरत नाही.