आहाराच्या गुणवत्तेचे मापन

आहाराच्या गुणवत्तेचे मापन म्हणजे व्यक्तीच्या किंवा समूहाच्या नेहमीच्या खाण्यात आवश्यक अन्नगट व अपायकारक पदार्थ किती प्रमाणात येतात, हे गुणांच्या रूपाने ठरवण्याची पद्धत होय. केवळ उष्मांक मोजून आहाराचा कस कळत नाही. उष्मांक पुरेसे मिळूनही लोह, जीवनसत्त्वे वा तंतुमय घटक कमी पडू शकतात. लठ्ठपणा, मधुमेह व हृदयविकार यांच्या अभ्यासात हे मापन उपयोगी पडते.

माहितीचे संकलन

गेल्या २४ तासांत काय खाल्ले हे विचारणे, पदार्थ किती वेळा खाल्ले जातात याची प्रश्नावली भरून घेणे आणि रोजची आहारनोंद ठेवणे या तीन पद्धती प्रचलित आहेत. प्रमाण कळण्यासाठी वाटी, चमचा व पोळीचा आकार यांचा आधार घेतात. पोषणमूल्ये काढण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली ५२८ खाद्यपदार्थांची कोष्टके वापरता येतात. फोडणीचे तेल, येता-जाता तोंडात टाकलेला फरसाण आणि चहातील साखर सांगायची राहून जाते. उपवासाच्या दिवशीचा साबुदाणा, बटाटा व शेंगदाणे यांचा आहार इतर दिवसांहून वेगळा असल्याने एकाच दिवसाची नोंद पुरेशी ठरत नाही.

प्रमुख निर्देशांक

* निरोगी आहार निर्देशांक : अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९५ मध्ये मांडला. कमाल गुण १००. यात बहुतेक घटक दर हजार उष्मांकांमागे मोजतात.
* स्त्रियांसाठी किमान आहारवैविध्य : १५ ते ४९ वयोगटासाठी. दहापैकी किमान पाच अन्नगट २४ तासांत खाण्यात आले पाहिजेत.
* जागतिक आहारगुणवत्ता गुणांक : २०२१ मध्ये प्रसिद्ध. २५ अन्नगट, कमाल गुण ४९. २३ वा अधिक गुण म्हणजे कमी धोका, १५ पेक्षा कमी म्हणजे अधिक धोका.

शेवटच्या निर्देशांकात एकच पदार्थ दोन्ही बाजूंना मोजला जातो. मिसळीतील मटकी कडधान्य म्हणून गुण वाढवते. त्याच ताटातील विकतचा तळलेला फरसाण व मैद्याचा पाव मात्र गुण कमी करतात.

लठ्ठपणाशी संबंध

शरीरभार निर्देशांक २५ पासून अतिवजन व ३० पासून लठ्ठपणा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची वर्गवारी आहे. भारतीयांसाठी २००९ च्या तज्ज्ञमतानुसार ही मर्यादा अनुक्रमे २३ व २५ धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सें.मी. व स्त्रियांत ८० सें.मी.पेक्षा अधिक नसावा. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा निर्देशांक २२.३ होता, पण शरीरातील मेद याज्ञिकांत २१.२ टक्के, तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के होता. त्यामुळे सडपातळ दिसणाऱ्यांचा आहारही तपासणे आवश्यक ठरते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतातील २४ टक्के स्त्रियांचा व सुमारे २३ टक्के पुरुषांचा निर्देशांक २५ वा अधिक होता. आहारगुणवत्ता व वजन यांचा संबंध मात्र सरळ नाही. आहारवैविध्याच्या मापनात तळलेले व गोड पदार्थ वजा होत नाहीत, म्हणून चांगले वैविध्य व लठ्ठपणा एकत्र आढळू शकतात. अधिक वजनाच्या व्यक्ती खाणे कमी सांगतात, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे.

ठाणे व कल्याण-डोंबिवली

२०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८.४१ लाख व कल्याण-डोंबिवलीची १२.४७ लाख होती. कल्याण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने सुमारे ५४ कि.मी. आहे. लोकल गाडीने रोज ये-जा करणाऱ्यांचा सकाळचा डबा लवकर भरला जातो, रात्रीचे जेवण उशिरा होते आणि मधली भूक अनेकदा स्थानकाजवळच्या वडापावावर भागते. पोळी-भाजी केंद्रांमुळे नोकरदार घरांना तयार जेवण मिळते. परंतु तेलाचे प्रमाण ग्राहकाला ठाऊक नसते. त्यामुळे घरचे व विकतचे जेवण वेगळे नोंदवावे लागते. याच जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या आदिवासी पाड्यांत बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न आहे. शहरातील लठ्ठपणा व पाड्यांवरील कुपोषण या दोन्हींच्या मुळाशी आहाराचा उणा कस असू शकतो. म्हणून एकट्या वजनावरून जिल्ह्याच्या पोषणस्थितीचे पूर्ण चित्र मिळत नाही.