फ्रान्सिस दिब्रिटो

फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू : २५ जुलै, २०२४) हे मराठी लेखक, कॅथलिक धर्मगुरू आणि वसईतील पर्यावरण चळवळीचे नेते होते. अन्यायाचा प्रतिकार हे ख्रिस्ती श्रद्धेचे अविभाज्य अंग आहे, ही भूमिका त्यांनी लेखनातून व कृतीतून मांडली.

जीवन

त्यांचा जन्म वसई तालुक्यातील नंदाखाल येथे झाला. १९७२ मध्ये ते धर्मगुरू झाले. १९८३ ते २००७ या काळात त्यांनी ‘सुवार्ता’ या मासिकाचे संपादन केले व त्यात धार्मिक मजकुराबरोबर साहित्य आणि सामाजिक प्रश्नांनाही स्थान दिले.

हरित वसई चळवळ

मुंबईचे नागरीकरण वसईपर्यंत पोहोचल्यावर तेथील बागायती, शेतजमिनी आणि विहिरींचे पाणी धोक्यात आले. भूमाफिया व राजकारणातील गुन्हेगारी यांची दहशतही वाढली. याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने जनआंदोलन उभारले. दिब्रिटो त्याच्या अग्रभागी होते. आंदोलनात ख्रिस्ती व हिंदू असे दोन्ही समाज सहभागी झाले.

वैचारिक पार्श्वभूमी

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) जगातील दीनदुबळ्यांच्या सुखदुःखाशी चर्चने एकरूप व्हावे, असे प्रतिपादन केले. शोषणाविरुद्ध बोलणारे जुन्या करारातील संदेष्टे आणि मंदिरातून व्यापाऱ्यांना बाहेर काढणारा येशू हे या विचाराचे बायबलमधील आधार मानले जातात.

साहित्य व सन्मान

‘सुबोध बायबल – नवा करार’ या ग्रंथासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘नाही मी एकला’ हे त्यांचे आत्मचरित्र आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हा मान मिळवणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू होत.