जंतूंची ढाल आणि औषधाची सोबत

सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव नव्याने सांगावे लागत नाही. १९१० साली ते या गावात जन्मले, १९३८ साली हिंदी वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच त्यांनी देह ठेवला. ही कथा आपण शाळेत ऐकतो, व्ही. शांताराम यांचा चित्रपट पुष्कळांनी पाहिलेला असतो. परंतु ज्या रुग्णालयाचे कोटणीस पुढे प्रमुख झाले, त्या रुग्णालयाला ज्यांचे नाव दिले होते ते कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून कशाने गेले, हे फारसे कोणी विचारीत नाही. ते गोळी लागून गेले नाहीत. १९३९ च्या ऑक्टोबरअखेर एका जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापले. बोट चिघळले, जंतू रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबरला एवढा मोठा माणूस संपला.

बोटाला कापल्याने माणूस मरतो? आज आपल्याला हे नवल वाटते. आपल्या आजोबा-पणजोबांना मुळीच वाटले नसते. बाभळीचा काटा, बाळंतपण, दाढेचे गळू, यांतून माणसे जात, आणि घरची मंडळी त्याला दैव म्हणत. पेनिसिलीन त्या वर्षी जगातल्या कुठल्याच दवाखान्याच्या कपाटात नव्हते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ती बुरशी १९२८ साली दिसली होती खरी, पण तिच्यातून औषध काढण्याचे काम ऑक्सफर्डला फ्लोरी आणि चेन यांच्या हातून व्हायचे होते.

ते झाले १९४१ च्या फेब्रुवारीत. ऑक्सफर्डचा एक पोलीस तोंडावरच्या जखमेने अंथरुणाला खिळला होता, त्याचा एक डोळाही काढावा लागला होता. त्याला पेनिसिलीन टोचले. काही दिवसांतच ताप उतरला, भूक लागली. पण औषधच संपले! त्याच्या लघवीतून ते परत गाळून काढले आणि पुन्हा टोचले, तरी पुरले नाही. मार्च महिन्यात तो गेला.

आता वाचकहो, इथे एक तारीख लक्षात घ्या. त्या पोलिसाला पहिली सुई टोचण्याच्या आधीच, १९४० च्या डिसेंबरात, चेन आणि त्यांचे सहकारी एब्रॅहम यांनी एक छोटेसे टिपण छापले होते. काही जंतूंच्या अंगी पेनिसिलीनचे तुकडे करणारा एक पदार्थ असतो, असे त्यात सांगितले होते. म्हणजे औषध रोग्याच्या अंगात जाण्याआधीच त्याची काट सापडली होती. यात अघटित काही नाही. बुरशी आणि जंतू मातीत युगानुयुगे शेजारी राहत आले आहेत. एकीने विष काढायचे, दुसऱ्याने त्यावर उतारा शोधायचा, हे भाऊबंदकीचे भांडण माणसाच्या जन्माआधीपासूनचे आहे. आपण त्यात मागाहून शिरलो, एवढेच.

शेतकऱ्याला ही गोष्ट फोड करून सांगायला नको. कपाशीवर एकच औषध वर्षानुवर्षे फवारले की काय होते? शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव अळ्या मरतात. उरलेल्या दोन औषध पचवणाऱ्या असतात, आणि पुढचे सारे पीक त्या दोघींच्या लेकरांनी खाल्लेले असते. औषधाने अळी शहाणी झाली असे आपण म्हणतो. खरे म्हणजे शहाणी झालेली नसते, निवडली गेलेली असते. जंतूंचेही तेच, फक्त त्यांची पिढी वर्षाची नसून कित्येकदा अर्ध्या तासाची असते. शिवाय जंतूंना एक जास्तीची सोय आहे. औषध पचवण्याची युक्ती ते शेजारच्या जंतूला, तो वेगळ्या जातीचा असला तरी, देऊ शकतात.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे पेनिसिलीन बाहेरून येई. ते इथे व्हावे म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढल्या वर्षी तिथले पेनिसिलीन बाहेर पडू लागले. तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार यांच्या मंडळींनी तिथल्याच मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीजन्य रोगांवरचे हॅमायसिन हे औषध शोधले आणि त्या जीवाला नाव दिले ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. आपल्या पिंपरीचे नाव असे शास्त्राच्या वहीत लिहिले गेले आहे, हे शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावे.

परंतु औषध न चालण्याचा खरा धडा दिला तो क्षयाने. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले खात्रीचे औषध १९४३ साली सापडले. १९४७ साली इंग्लंडात त्याची रीतसर परीक्षा झाली. ५५ रोग्यांना औषध दिले, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी पाहिले तर औषधवाल्यांतले ४ गेले होते, विश्रांतीवाल्यांतले १४. केवढा आनंद झाला असेल! पण त्याच लोकांचा पाच वर्षांनी हिशेब केला, तेव्हा ५५ पैकी ३२ आणि ५२ पैकी ३५ गेलेले होते. सुरुवातीची आघाडी जवळजवळ पुसली गेली होती. कारण एकट्या औषधाने उरलेले क्षयजंतू निवडून काढले होते, आणि ते आता स्ट्रेप्टोमायसिनला जुमानत नव्हते.

मग पास नावाचे दुसरे, तसे दुबळेच, औषध जोडीला दिले, आणि जंतूंचे बंड एकदम कमी झाले. एका औषधातून निसटणारा जंतू लाखांत एखादा असतो. दोन्हींतून एकदम निसटणारा शोधून सापडणार नाही. १९५२ साली आयसोनायझिड आले, पुढे रिफॅम्पिसिन आले, आणि क्षयाला एका वेळी तीन-चार औषधे द्यायची हा नियमच झाला. मद्रासच्या केंद्राने १९५९ साली दाखवून दिले की, ही औषधे घरी राहून नेमाने घेतली तरी आरोग्यधामाइतकाच गुण येतो. गरीब देशाला याहून मोठे वरदान कोणते?

पेच आहे तो ‘नेमाने’ या शब्दात. खोकला थांबला, चार पावले चालवू लागले, की गडी कामावर जातो आणि गोळ्या फडताळात राहतात. सगळा दोष रोग्याच्या माथी मारणे मात्र मला पटत नाही. १९११ चे नव्हे, २०११ चे साल आहे. डिसेंबरात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी क्षयाच्या अशा चार रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली की, ज्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध चालेना. ‘संपूर्ण’ हा शब्द वापरावा की नाही यावर सरकार आणि तज्ज्ञ यांच्यात वाद झाला. परंतु त्या हकिगतीत एक कटू गोष्ट होती, ती अशी की, हे रोगी एकामागून एक डॉक्टरांकडे गेले होते आणि त्यांना चुकीच्या मात्रेत, चुकीच्या जोडीने औषधे लिहून दिली गेली होती. त्यांनी औषध घेतले होते. सोबत चुकली होती.

गोठ्यातही हेच चालते. गाईला दगडी झाली की सुई टोचतात, ते उपचार म्हणून रास्त आहे. पण कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणून खाद्यात कोलिस्टिन मिसळत, त्याला काय म्हणावे? माणसाला बाकी काही चालेनासे झाले की डॉक्टर हाती घेतात ते हे औषध. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने पशुपालनात त्याच्यावर बंदी घातली.

मग आता संशोधक करताहेत काय? मी इतिहासाचा माणूस, रसायनाचे बारकावे माझ्याकडे मागू नका. पण बाहेरून पाहताना मला तरी नव्या वाटांत ती जुनीच कल्पना दिसते : औषधाला सोबत द्यायची.

एक वाट पेनिसिलीनच्या कुळातली. जंतू जो तुकडे करणारा पदार्थ सोडतो, ती जणू त्याची कात्री. त्या कात्रीत अडकून बसणारा खडा औषधाबरोबर पाठवायचा. क्लॅव्हुलॅनिक आम्ल हा असा पहिला खडा, तो १९८१ पासून बाजारात आहे. पण जंतूंनी नव्या कात्र्या काढल्या. त्यांतल्या एकीला तर नवी दिल्लीचे नाव चिकटले. म्हणून आता निराळा विचार पुढे आला आहे. छत्रपती संभाजीनगर येथे वोखार्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात झिडेबॅक्टम नावाचा रेणू तयार झाला. तो कात्रीच्या नादी फारसा लागत नाही. जंतूची भिंत बांधणारा एक गवंडी तो स्वतः अडवतो, जोडीचे सेफेपिम दुसऱ्या गवंड्याला अडवते, आणि भिंत ढासळते. त्याच्या अनेक देशांत मोठ्या चाचण्या झाल्या आहेत.

दुसरी वाट क्षयाची. बेडाक्विलिन हे औषध जंतूची शक्ती निर्माण करणारी चक्कीच बंद पाडते. ते आणि आणखी तीन औषधे मिळून सहा महिन्यांचा तोंडाने घ्यायचा उपचार भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य केला. पूर्वी अशा रोग्याला दीड-दोन वर्षे लागत आणि सुयांनी कित्येकांचे कान जात. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती क्षयाच्या उपचारातच गेली. बेडाक्विलिनवरची मक्तेदारी लांबवण्याचा कंपनीचा अर्ज त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या एका सहकारिणीसह आव्हान देऊन अडवला, आणि मार्च २०२३ मध्ये तो फेटाळला गेला. नव्या औषधाचा इतिहास प्रयोगशाळेत संपत नाही, तो असा.

तिसरी वाट सर्वांत जुनी. १८९६ साली हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळले की हा गुण जातो, असे लिहून ठेवले. १९१७ साली देरेल यांनी जंतूंना खाणाऱ्या विषाणूंना नाव दिले. १९२७ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि पंजाबात पटकीच्या साथीत त्यांनी ते विहिरींतसुद्धा सोडले. पुढे पेनिसिलीन आले, आणि हे काम जॉर्जियासारखे एखाददुसरे देश सोडले तर मागे पडले. मार्च २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात एका प्राध्यापकावर सर्व औषधे हरली, तेव्हा हे भक्षक त्याच्या रक्तात सोडले आणि तो शुद्धीवर आला. गंमत अशी की, भक्षकापासून वाचण्यासाठी जंतू आपले कवच बदलू लागले आणि त्यामुळे औषध त्यांना पुन्हा लागू पडू लागले. वाराणसीच्या हिंदू विश्वविद्यालयात बऱ्या न होणाऱ्या जखमांवर असेच प्रयोग झाले आहेत. मात्र एक भक्षक एकाच जातीच्या जंतूला खातो, म्हणून हे गोळीसारखे सरसकट वाटता येत नाही.

आणि कुठलीही जोडी निवडायची तर शत्रू कोण हे आधी कळावे लागते. पूर्वी क्षयजंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे कळायला आठवडे, महिने जात. तोवर रोगी चुकीच्या गोळ्या खाई. गोव्यात वेर्णे येथे बनणारे ट्रूनॅट हे यंत्र थुंकीत क्षयजंतू आहेत की नाहीत हे सुमारे तासाभरात सांगते, आणि आणखी तासाभरात ते रिफॅम्पिसिनला जुमानतात की नाही तेही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज गेली म्हणून तपासणी अडत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. गोळ्या सुरू करण्याआधी ‘माझे जंतू कोणत्या औषधाला दाद देतात?’ असे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. आणि दुकानातून घेतलेल्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते, हे गुरुजींनी पाचवीच्या मुलांना एकदा पाकीट हातात देऊनच दाखवावे.